मशीन शॉपसाठी नियोजनाची कोणती पद्धत निवडावी: एमआरपी, कानबान की आणखी काही?

कुंडई_मशीनशॉप (प्रश्न)

नमस्कार. गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचे मध्यम आकाराचे मशीन शॉप असून पंप व व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग आम्ही तयार करतो. कास्टिंग्ज (धातूचे ओतीव भाग) बेळगाव आणि कोल्हापूरच्या फाउंड्रींकडून येतात. टर्निंग, मिलिंग, बोअरिंग, ड्रिलिंग, प्रेशर टेस्टिंग आणि अंतिम तपासणी आमच्याकडे होते. उत्पादन नियोजनाची जबाबदारी अलीकडेच माझ्याकडे आली आहे. पद्धत बदलण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, या हेतूने हा प्रश्न सविस्तर मांडत आहे.

आमच्याकडे तीन प्रकारचे काम येते. पंप बनवणाऱ्या दोन कंपन्यांना आम्ही ठरावीक चाळीसेक भाग पुरवतो. त्यांचे शेड्यूल दर महिन्याला येते आणि महिन्याच्या मध्यावर बहुधा एकदा बदलते. दुसरे काम ड्रॉइंगनुसार एकदाच करून द्यायचे असते. वास्को परिसरात जहाजदुरुस्तीची कामे घेणारे कंत्राटदार आणि वेर्ण्यातील औषध कारखान्यांचे देखभाल विभाग हे त्याचे मुख्य ग्राहक. तिसरे काम ब्रेकडाउनचे. ग्राहकाचा पंप बंद पडलेला असतो आणि भाग दोन दिवसांत हवा असतो. हे काम संख्येने थोडे आहे, पण त्यासाठी मशीनवर चढवलेले जॉब अर्ध्यातून उतरवावे लागतात.

अडचण अशी की, माल वेळेवर जात नाही. ईआरपीमधील (कारखान्याच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमधील) एमआरपी, म्हणजे कोणता माल कधी आणि किती लागेल याचा हिशेब, आम्ही दर आठवड्याला चालवतो. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी आमच्याकडे तयार होणाऱ्या प्रत्येक भागाला चार आठवड्यांचा लीड टाइम (काम सुरू करण्यापासून भाग तयार होईपर्यंतची मुदत) भरला होता. डिस्पॅचला उशीर होऊ लागला तेव्हा त्यांच्याच सल्ल्याने तो सहा आठवडे करण्यात आला. त्यामुळे जॉब कार्डे (शॉपमध्ये काम सुरू करण्याचे आदेश) दोन आठवडे आधी निघू लागली. त्यानंतर उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आता शॉप फ्लोअरवर चालायला वाट उरलेली नाही. हॉरिझॉन्टल बोअरिंग मशीनसमोरची ट्रॉल्यांची रांग दारापर्यंत येते आणि जवळपास प्रत्येक ट्रॉलीवर ‘अर्जंट’ची लाल चिठ्ठी असते. पावसाळ्यात मशीन केलेल्या बिडाच्या फेसवर (पृष्ठभागावर) दोन दिवसांत गंज धरतो. तेल लावून ठेवले तरी पुढच्या ऑपरेशनपूर्वी तो पुसून साफ करावा लागतो, आणि डाग खोल गेला असेल तर फेसवरून पुन्हा एक कट घ्यावा लागतो.

एका सल्लागाराच्या मते ईआरपीमधील नोंदी नीट केल्या की एमआरपी पुरेशी आहे. दुसऱ्यांचे म्हणणे, एमआरपी बंद करून संपूर्ण कारखान्यात कानबान, म्हणजे वापरले तेवढेच कार्डाच्या इशाऱ्यावर भरून देण्याची पद्धत, आणावे. मालकांच्या मुलाने बॉटलनेकवर (सगळे काम जिथे अडते त्या मशीनवर) आधारित ड्रम-बफर-रोप पद्धतीचा अभ्यास केला आहे आणि त्याचा आग्रह तिच्यासाठी आहे. यांपैकी कोणती पद्धत आमच्यासारख्या कारखान्याला योग्य ठरेल? तिन्ही प्रकारच्या कामांना एकच पद्धत असावी की वेगवेगळ्या पद्धती एकत्र नांदू शकतात?

वेर्णा_नियोजन

नमस्कार. मी अनेक वर्षे वेर्णा औद्योगिक वसाहतीत उत्पादन नियोजनाचे काम केले आहे. आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती लीड टाइम चारवरून सहा आठवडे केल्याची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

लीड टाइम वाढवला की एमआरपी जॉब कार्डे लवकर सोडते. कार्डे लवकर सुटली की फ्लोअरवरचा अर्धवट माल वाढतो, पण मशीनची क्षमता तेवढीच राहते. म्हणून प्रत्येक मशीनसमोरची रांग लांबते आणि प्रत्येक जॉब आधीपेक्षा जास्त दिवस थांबतो. मग प्रत्यक्ष लागणारे दिवस पाहून कोणीतरी लीड टाइम पुन्हा वाढवतो. हे दुष्टचक्र नियोजनाच्या क्षेत्रात १९७०च्या दशकापासून ओळखीचे आहे आणि आपण नेमके त्यात सापडला आहात. चार आठवडे हा आकडा आपल्या मशीनचा गुण नाही. तो आपल्या रांगेचा परिणाम आहे, आणि रांग किती लांब ठेवायची हे आपल्या हातात आहे.

यामागचे गणित अगदी साधे आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, फ्लोअरवर असलेल्या जॉबची सरासरी संख्या म्हणजे रोज पूर्ण होणारे जॉब गुणिले एका जॉबला लागणारे सरासरी दिवस. रोज पूर्ण होणाऱ्या जॉबची संख्या बॉटलनेकमुळे ठरलेली असेल, तर दिवस कमी करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे फ्लोअरवरील जॉबची संख्या कमी करणे. आपले आकडे कळवलेत तर आपल्यापुरता हिशेब करून पाहता येईल.

एमआरपी निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. जोसेफ ऑर्लिकी आणि त्यांच्या समकालीनांनी १९६०च्या दशकात ती पद्धत उभी केली ती मुख्यतः एका प्रश्नासाठी: पक्क्या मालाची मागणी ठाऊक असेल, तर त्याला लागणारा प्रत्येक घटक कधी आणि किती मागवायचा? बिल ऑफ मटेरियल (एका वस्तूला लागणाऱ्या घटकांची यादी), हातातील साठा आणि लीड टाइम या तीन गोष्टींवरून ती मागे मोजत जाते. या प्रश्नाचे उत्तर ती आजही उत्तम देते. तिची मर्यादा अशी की, लीड टाइम हा ठरलेला आकडा आहे असे ती धरून चालते आणि मशीनवर आधीच किती काम आहे हे ती पाहत नाही. म्हणून बेळगावची कास्टिंग्ज कधी मागवायची हे एमआरपीला जरूर विचारा. आज सकाळी कोणते जॉब कार्ड फ्लोअरवर सोडायचे हे मात्र तिला विचारू नका. नियोजन आणि नियंत्रण हे शब्द आपण जोडीने वापरतो, पण ती दोन कामे आहेत आणि दोन्हींना एकच साधन लागते असे नाही.

पद्धत निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की, ग्राहकाची ऑर्डर आपल्या प्रवाहात कोणत्या टप्प्यावर येते. ठरावीक चाळीस भागांपैकी ज्यांची मागणी सतत आहे, ते आपण तयार करून स्टोअरमध्ये ठेवू शकता, म्हणजे ग्राहकाची ऑर्डर पक्क्या मालाच्या साठ्याला भेटते. ड्रॉइंगच्या कामात ऑर्डर येण्यापूर्वी आपल्याला कास्टिंगसुद्धा मागवता येत नाही. ब्रेकडाउनच्या कामात मधला मार्ग निघतो: नेहमी मागितल्या जाणाऱ्या स्लीव्ह, बुश, ग्लँड यांचे रफ टर्न केलेले तुकडे तयार ठेवायचे आणि ऑर्डर आली की फक्त फिनिशिंग करायचे. या तीन ठिकाणी साठा आणि वेळ यांचे नाते वेगवेगळे आहे, त्यामुळे तिन्हींना एकच पद्धत लावण्याचा आग्रह मला चुकीचा वाटतो. ठरावीक चाळीस भागांना कानबान, बाकीच्या कामाला एकूण जॉब कार्डांवर मर्यादा आणि खरेदीला एमआरपी, असे माझे प्राथमिक मत आहे.

फर्मागुडी_अध्यापक

वरील विवेचनाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. कानबान आणि ड्रम-बफर-रोप या दोन्हींच्या अटी मात्र नीट तपासाव्यात, कारण निवड तिथेच चुकते.

कानबान टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये ताइची ओनो यांच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकात आकाराला आले. पुढच्या टप्प्याने वापरले तेवढेच मागच्या टप्प्याने भरून द्यायचे, हे त्याचे तत्त्व. कार्डांची संख्या काढण्याचा हिशेब सर्वपरिचित आहे: रोजची मागणी, भरून येण्यास लागणारे दिवस आणि सुरक्षेसाठीची वाढ यांचा गुणाकार करून त्याला एका पेटीतील नगांनी भागायचे. उदाहरणार्थ, एखादा बुश रोज २० लागतो, तो भरून यायला ६ दिवस लागतात आणि सुरक्षेसाठी २५ टक्के वाढ धरली, तर १५० नग होतात. पेटीत २५ नग बसत असतील तर ६ कार्डे. आता हीच मागणी एका आठवड्यात रोज ५ आणि पुढच्या आठवड्यात रोज ६० अशी आली तर काय होईल? पहिल्या आठवड्यात १५० नग पडून राहतील आणि दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या दिवशीच संपतील. टोयोटाने कानबानच्या जोडीला उत्पादनाचे समतलीकरण (रोजचे उत्पादन शक्यतो सारखे ठेवणे) आणि सेटिंगच्या, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्याच्या, वेळेत मोठी कपात केली होती, ती याच कारणासाठी. महिन्याच्या मध्यावर बदलणारे शेड्यूल आणि लांब सेटिंग ही स्थिती तशीच ठेवून फक्त कार्डे आणली, तर कार्डे आठवडाभर टिकतील आणि मग सुपरवायझर पूर्वीप्रमाणे तोंडी सूचना देऊ लागतील. म्हणून चाळीसच्या चाळीस भागांना कानबान लावण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. वर्षभराची आठवडावार मागणी काढा आणि जे भाग जवळपास प्रत्येक आठवड्यात जातात, तेवढेच निवडा. अशा याद्यांमध्ये बहुतेक वेळा थोडेच भाग मोठ्या संख्येने जातात आणि बाकीचे अधूनमधून. आपल्याकडेही तसेच निघाले तर कानबानखाली डझनभर भागच येतील, आणि तेवढ्यानेही फ्लोअरवरची गर्दी पुष्कळ कमी होईल.

ड्रम-बफर-रोप ही पद्धत इस्रायलचे भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८०च्या दशकात मांडली. अडणाऱ्या मशीनच्या वेगाने सगळा कारखाना चालवायचा, त्या मशीनसमोर थोडे काम राखीव ठेवायचे आणि कच्चा माल त्या मशीनच्या गरजेनुसारच फ्लोअरवर सोडायचा, असा तिचा गाभा आहे. पण अडणारे मशीन कायम तेच राहिले पाहिजे, ही तिची अट आहे. आपल्याकडे या आठवड्यात बोअरिंग आणि पुढच्या आठवड्यात प्रेशर टेस्टिंग किंवा तपासणी असे अडण्याचे ठिकाण सरकत असेल, तर ड्रम कोणाला म्हणायचे हाच प्रश्न पडतो. जिथे ते सरकते, तिथे स्पीअरमन, वुड्रफ आणि हॉप यांनी १९९० मध्ये मांडलेली कॉनविप पद्धत, म्हणजे एकूण अर्धवट मालावर मर्यादा, अधिक सोपी पडते: एक जॉब बाहेर गेला की दुसरा आत येतो, मग अडणारे मशीन कोणतेही असो. जॉबचा आकार फार वेगवेगळा असेल तर जॉब मोजण्याऐवजी तास मोजावेत. प्रत्येक मशीनसमोर किती तासांचे काम आहे हे पाहून नवा जॉब सोडण्याची ही पद्धत वर्कलोड कंट्रोल या नावाने ओळखली जाते. ब्रिटनमधील लँकेस्टर, नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन आणि जर्मनीतील हॅनोव्हर या विद्यापीठांत तिच्यावर बरेच काम झाले आहे, आणि ते प्रामुख्याने आपल्यासारख्या ऑर्डरप्रमाणे काम करणाऱ्या कारखान्यांसाठीच झाले आहे. सल्लागार मंडळींकडून हे नाव क्वचितच ऐकू येते, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट. कोणतीही पद्धत घेतली तरी अडणारे मशीन किती भरलेले आहे, हे आधी पाहावे. रांगेच्या सिद्धांतानुसार कामाच्या येण्यातली आणि वेळेतली अनिश्चितता तीच राहिली, तर रांगेतला थांबा ‘भरलेला भाग भागिले रिकामा भाग’ या प्रमाणात वाढतो. मशीन ८० टक्के भरलेले असेल तर हा आकडा ४ येतो, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना काम जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढते आणि थांबा दुपटीपेक्षा जास्त होतो. हा उशीर जॉब कार्डांच्या मर्यादेने नाहीसा होत नाही. फ्लोअरवर थांबणारे काम तेव्हा नियोजनाच्या टेबलावर थांबते. ते तिथे थांबणे नक्कीच चांगले, कारण टेबलावरच्या कागदाला गंज धरत नाही, त्याचा क्रम बदलता येतो आणि ग्राहकाने ड्रॉइंग बदलले तर माल वाया जात नाही. पण ग्राहकाला मिळणारी तारीख सुधारायची असेल तर त्या मशीनची क्षमता मोकळी करावीच लागेल.

डिचोली_कार्टन

आमचा व्यवसाय वेगळा आहे. डिचोली औद्योगिक वसाहतीत आम्ही कोरुगेटेड बॉक्स तयार करतो आणि आमचे बरेच ग्राहक औषध कंपन्या आहेत. गोव्यात राहून कोणतीही पद्धत राबवायची तर जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी तिचे आकडे बदलावे लागतात, एवढेच सांगण्यासाठी लिहीत आहे.

आम्हाला कागदाचे रीळ घाटावरून येते. पावसाळ्यात दरड कोसळून चोर्ला किंवा अनमोड घाटातील वाहतूक थांबली की ट्रक लांबच्या रस्त्याने वळवावे लागतात. म्हणून मे महिन्यात आम्ही कच्च्या मालाचा सुरक्षित साठा वाढवतो. तयार बॉक्सचा साठा मात्र त्याच महिन्यांत मुद्दाम कमी ठेवतो, कारण दमट हवेत कोरुगेटेड बोर्ड ओलावा शोषतो आणि त्याची दाब सहन करण्याची ताकद घटते. एकाच कारखान्यात, एकाच हंगामात, एक साठा वाढवायचा आणि दुसरा घटवायचा, हे सॉफ्टवेअरमधील एका सुरक्षा टक्केवारीने साधत नाही. आपल्या बाबतीत न मशीन केलेली कास्टिंग्ज थोडा गंज सहन करतात, मशीन केलेले फेस करत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यासाठीचा साठा कास्टिंगच्या रूपात ठेवणे आणि ऑपरेशन सुरू झालेला जॉब शक्य तितक्या लवकर बाहेर काढणे, हे आपल्यालाही लागू पडावे.

चवथीचाही (गणेश चतुर्थीचाही) विचार करावा. चवथीच्या आठवड्यात आमचे स्थानिक कामगार सुट्टीवर असतात आणि त्या दिवसांत क्षमता निम्मीसुद्धा राहत नाही. ही तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, तरी नियोजनाच्या कॅलेंडरमध्ये ती भरलेली नसते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. कॅलेंडर चुकीचे असेल तर एमआरपीने काढलेली प्रत्येक तारीख चुकीची येते.

कुंडई_मशीनशॉप

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण विचारलेले आकडे काढून पाहिले. फ्लोअरवर साधारण २६० जॉब कार्डे उघडी आहेत आणि दिवसाला सरासरी १० जॉब पूर्ण होतात. लिटल यांच्या नियमाने २६ कामाचे दिवस येतात, आणि डिस्पॅच रजिस्टरवरून काढलेली सरासरीही त्याच्या आसपासच आहे. याउलट, बहुतेक जॉबचा मशीनवरचा प्रत्यक्ष वेळ सेटिंगसह दोन दिवसांपेक्षा जास्त नाही.

बोअरिंग मशीन दोन शिफ्टमध्ये चालते. देखभाल आणि इतर थांबे वजा जाता आठवड्याला ८० तास हाती लागतात आणि त्याच्यावरचे काम सेटिंगसह सरासरी ७६ तासांचे आहे. प्रेशर टेस्टिंगला मधूनमधून रांग लागते, पण जुन्या नोंदी पाहता ती बहुधा महिनाअखेरीस, डिस्पॅचच्या घाईत लागते. मागणीचा आठवडावार तक्ता केला तेव्हा चाळीस भागांपैकी चौदा भाग जवळपास प्रत्येक आठवड्यात जातात असे दिसले.

माझ्या दोन शंका आहेत. जॉब कार्डांवर मर्यादा घातली आणि काही मशीन रिकामी राहिली तर मालक आणि ऑपरेटर दोघांनाही ते पटणार नाही. लेथवरच्या मुलांचा इन्सेंटिव्ह नगांवर आहे. दुसरी शंका ब्रेकडाउनच्या कामाची. मर्यादा भरलेली असताना असा जॉब आला तर त्याला आत घ्यायचे कसे?

वेर्णा_नियोजन

आकडे दिल्यामुळे आता नेमके लिहिता येते. कानबानबाबत फर्मागुडीच्या सरांचे म्हणणे मला मान्य आहे. चाळीस नव्हे, चौदा भागांपासूनच सुरुवात करावी.

७६ भागिले ८० म्हणजे बोअरिंग मशीन ९५ टक्के भरलेले आहे. प्रेशर टेस्टिंगची रांग महिनाअखेरीस लागते याचा अर्थ ती क्षमतेअभावी लागत नाही. महिनाभर अडकलेला माल एकदम सुटतो म्हणून लागते. त्यामुळे आपले अडण्याचे ठिकाण बोअरिंग हेच असून ते स्थिर आहे, आणि मालकांच्या मुलाचा आग्रह मुळात योग्य आहे. ड्रम-बफर-रोपमधला ड्रम आपल्याला मिळाला आहे. फक्त तो ९५ टक्क्यांवर वाजवू नये. बोअरिंगला जाणाऱ्या भागांची यादी घेऊन एकेक ड्रॉइंग पाहा. सवयीने तिथे पाठवले जाणारे, पण बोअरची खोली आणि टॉलरन्स पाहता व्हीएमसीवर (व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर) होऊ शकणारे भाग त्यात निश्चित सापडतील. उरलेल्या भागांची क्लॅम्पिंग आणि टूल सेटिंगची जमेल तेवढी तयारी आधीचा जॉब मशीनवर चालू असतानाच बाहेर करून ठेवा. या दोन्हींतून आठवड्याचे ८ तास वाचले तरी काम ६८ तासांवर, म्हणजे ८५ टक्क्यांवर येते आणि सरांनी सांगितलेला आकडा १९ वरून ६ च्या आत येतो. नवे मशीन घेण्याच्या चर्चेपूर्वी हे करून पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

त्यानंतर मर्यादा. २६० वरून एकदम खाली येऊ नका. दोन आठवडे दहा जॉब बाहेर गेले की सहाच आत सोडा. तेवढ्यात संख्या २१० च्या आसपास येईल. रोजचे उत्पादन कमी झाले नसेल तर आणखी खाली जा. १४० जॉबवर सरासरी १४ दिवस येते आणि आपल्या कामाचे स्वरूप पाहता तिथपर्यंत पोहोचणे अवघड नाही. उत्पादन घटू लागले तर समजावे की बोअरिंगसमोरचे राखीव काम अपुरे पडत आहे, आणि मर्यादा एक पायरी वर न्यावी. बोअरिंगला न जाणाऱ्या जॉबची मर्यादा वेगळी ठेवा, नाहीतर बोअरिंगच्या रांगेमुळे सोपे जॉबही बाहेर अडकतील.

कार्ड सोडण्याचा निर्णय रोज सकाळी एकाच व्यक्तीने, एकाच टेबलावर घ्यावा, आणि कास्टिंग, ड्रॉइंग, टूल, गेज यांपैकी काहीही अपुरे असेल तर जॉब सोडू नये. हा नियम साधा दिसतो, पण अर्ध्या ऑपरेशननंतर गेज नाही म्हणून बाजूला ठेवलेल्या ट्रॉल्या मोजा, म्हणजे त्याची किंमत कळेल. लाल चिठ्ठ्या सगळ्या काढून टाका. क्रम तारखेने ठरेल आणि तो टेबलावर ठरेल.

लेथ रिकामे राहण्याच्या शंकेवर माझे मत ठाम आहे. बोअरिंगला आठवड्यात जेवढे काम पेलते त्यापेक्षा जास्त भाग लेथने करून दिले, तर एकही पंप जास्त जात नाही. फक्त कास्टिंगमध्ये अडकलेले पैसे वाढतात आणि पावसाळ्यात गंज काढण्याचे काम वाढते. नगांवरचा इन्सेंटिव्ह ऑपरेटरला नेमके तेच करायला सांगतो. पद्धत बदलायची असेल तर इन्सेंटिव्ह आधी बदलावा लागेल: संपूर्ण शॉपमधून वेळेवर गेलेल्या मालावर तो बांधा आणि कोणाचेही सध्याचे उत्पन्न घटणार नाही याची हमी मालकांकडून लेखी घ्या. कामगारांच्या खिशाला हात लागणार असेल तर ती पद्धत टिकणार नाही, आणि टिकूही नये. लेथवर रिकामा वेळ मिळाला तर बोअरिंगच्या सेटिंगची तयारी, डीबरिंग आणि पुढच्या जॉबची कास्टिंग्ज तपासणे ही कामे त्यांच्याकडे द्यावीत. कास्टिंगमधील ब्लो होल (ओतताना आत राहिलेली पोकळी) बोअरिंग झाल्यावर सापडण्यापेक्षा आधी सापडलेले केव्हाही बरे.

फर्मागुडी_अध्यापक

ब्रेकडाउनच्या शंकेविषयी. अशा कामासाठी मर्यादेतच काही जागा कायम मोकळ्या ठेवाव्यात. मागच्या वर्षभरात एका वेळी जास्तीत जास्त किती ब्रेकडाउन जॉब फ्लोअरवर होते ते नोंदींवरून पाहा आणि तेवढ्याच जागा राखा. बोअरिंग मशीनवरही आठवड्याचे काही तास त्यांच्यासाठी बाजूला ठेवावेत. ८५ टक्क्यांनंतर उरलेला वेळ मुख्यतः याच कामाचा आहे, तो नियमित कामाने भरून टाकू नये. राखीव जागा संपल्यावर आणखी एक जॉब आला, तर तो घेताना कोणत्या ग्राहकाची तारीख पुढे जाईल हे मार्केटिंगच्या व्यक्तीने आधी लिहून द्यावे आणि त्या ग्राहकाला त्याच दिवशी कळवावे.

तारीख देण्याची पद्धतही याच वेळी बदलावी. सध्या प्रत्येक चौकशीला एमआरपीतील सहा आठवडे सांगितले जात असतील. त्याऐवजी टेबलावर थांबलेल्या आणि फ्लोअरवर असलेल्या जॉबचे बोअरिंगचे तास मोजा, त्यांना आठवड्याला प्रत्यक्ष होणाऱ्या तासांनी भागा, त्यात बोअरिंगनंतरच्या ऑपरेशन्सचे आणि तपासणीचे दिवस मिळवा, आणि मग तारीख द्या. बोअरिंग नसलेल्या जॉबसाठी हीच मोजणी त्यांच्या सर्वांत भरलेल्या मशीनवर करावी. हा हिशेब एका साध्या तक्त्यात होतो. ईआरपीमधील लीड टाइम त्यातून येणाऱ्या सरासरीप्रमाणे दर तिमाहीला कमी करत न्या, म्हणजे कास्टिंगच्या खरेदीच्या तारखाही आपोआप पुढे सरकतील. डिचोलीच्या मित्रांनी सांगितलेला पावसाळ्याचा वाढीव साठा मात्र या कपातीतून वगळावा आणि त्यासाठी मे महिन्याची मागणी वेगळी टाकावी.